पहिली निवड

“अशरफ,” जयप्रकाश म्हणाला.

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी शेजारीच बसलो होतो. टेबलाखालून त्याच्या पायाला पाय लावला, पण त्याने ढिम्म लक्ष दिलं नाही.

“जेपी, आर यू शुअर?” समोरच्या गोऱ्या माणसाने विचारलं. त्याचं खरं नाव मला कधी नीट लक्षात राहिलं नाही. तो टेक्सासचा होता आणि दर तिसऱ्या वाक्यात ते सांगायचा, म्हणून आम्ही त्याला टेक्सासच म्हणायचो.

“शुअर. अशरफ.”

कुवेतमध्ये अर्दियाच्या गोदामांमागे एक ओसाड मैदान होतं. आखाती लढाईनंतर रिफायनऱ्या दुरुस्त करायला आलेल्या अमेरिकनांनी तिथे आपल्या पोरांसाठी बेसबॉलची लीग सुरू केली. पुढे इजिप्शियन, लेबनानी, फिलिपिनो, सगळ्यांचीच मुलं येऊ लागली. दर वर्षी थंडी पडायला लागली की टीमांचे मॅनेजर एका गुरुवारी दुपारी जमायचे आणि मुलं वाटून घ्यायचे. लहानपणी गल्लीत दोन कॅप्टन उभे करून आपण ‘हा माझा, तो तुझा’ करायचो, तोच प्रकार. फक्त इथे त्याला ड्राफ्ट म्हणत आणि डोनट असत. १९९७ साली जयप्रकाशला पहिल्यांदा टीम मिळाली. लीगमधला तो पहिला भारतीय मॅनेजर. चिठ्ठ्या टाकल्या, तर पहिला नंबरही त्याचाच निघाला. मी नुसता स्कोअर लिहायला म्हणून बरोबर गेलो होतो.

नियम सरळ होता. मॅनेजरचं स्वतःचं मूल असेल तर त्याने नाव घ्यायचं, की मूल त्याच्या टीमला. जयप्रकाशचा सलील तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्या मैदानावर त्याच्यासारखा पिचर दुसरा नव्हता. पिचर म्हणजे आपल्या भाषेत बोलर. हे मी नाही, टेक्सास म्हणायचा, आणि तो माणूस स्वतःच्या राज्याखेरीज कशाचंही कौतुक करत नसे.

दुसरा नंबर टेक्सासचाच होता. त्याने श्वासही घेतला नाही. “सलील,” तो म्हणाला आणि टेबलावर थाप मारून हसला.

गाडीत बसल्याबरोबर मी फुटलो. “तुला वेड लागलंय का रे?”

“का? अशरफ डावखुरा आहे. डावखुरा पिचर म्हणजे...”

“अशरफ गेला उडत! स्वतःचं पोरगं दुसऱ्याला देऊन आलास!”

तो म्हणाला, “हे बघ जयदीप, पहिल्यांदा आपल्या माणसाच्या हातात टीम दिली त्यांनी. आणि मी पहिल्याच झटक्यात घरचं पोर उचलू? उद्या म्हणतील, इंडियन आला आणि आपली पोळी भाजून गेला.”

“नियमच आहे तसा!”

“नियम असेल. बरं दिसत नाही.”

‘बरं दिसत नाही’ हे त्याच्या घराण्यातून आलेलं होतं. त्याचे वडील, अण्णा, सिन्नरला हेडमास्तर. पोरगा त्यांच्याच वर्गात. पेपर तपासताना ते जयप्रकाशचे दोन-चार मार्क मुद्दाम कापायचे, म्हणजे गावात कुणी बोट दाखवायला नको. पहिला येणारा मुलगा अख्खी शाळा संपेपर्यंत दुसरा येत राहिला. जयप्रकाश ही गोष्ट फार अभिमानाने सांगायचा. मी एकदा विचारलं होतं, “तुला वाईट नाही वाटायचं?”

“कशाला? अण्णांना माहीत होतंच की मी पहिला आहे ते.”

“ते म्हणाले होते तसं?”

“म्हणायला कशाला पाहिजे?” असं म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला होता.

आम्ही दोघं बनेद अल-गारला एकाच इमारतीत राहायचो, तो चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर वर गेलो. सलीलने दार उघडलं. तो बहुतेक दाराशीच थांबलेला असावा.

“विच टीम, बाबा?”

“लाल. टेक्सासकाकांची.”

सलीलला आधी ते चेष्टेचं वाटलं. तो हसला. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू गेलं. “मग तुम्ही कोणाला घेतलंत?”

“अशरफला.”

“ओके,” सलील म्हणाला आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं. आदळलं नाही, नीट लावलं.

श्यामलावहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “अहो, काय झालं? तो असा का गेला?”

“काही नाही. कळतं त्याला,” जयप्रकाश म्हणाला.

आता हा माणूस बेसबॉलच्या नादी कसा लागला, ते सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल जन्मतःच असा होता. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत आम्ही दोघंही इंजिनिअर. जळालेले पंप उतरवताना त्याच्याबरोबर ओहायोचा एक म्हातारा फोरमन होता. त्याने जयप्रकाशला दुपारच्या सुट्टीत बेसबॉल शिकवला, आणि परत जाताना मॅचच्या व्हिडिओ कॅसेटचं खोकं भेट देऊन गेला. झालं! माणूस गेला, भूत मागे राहिलं. रोज सकाळी आम्ही माझ्या गाडीने कामाला निघायचो, तेव्हा अमेरिकेत आदल्या संध्याकाळची मॅच चालू असायची. अमेरिकन फौजेच्या रेडिओवर ती लागायची. मला बिचाऱ्याला साध्या क्रिकेटच्या बातम्या ऐकायची चोरी.

आणि नुसतं ऐकणं असतं तर चाललं असतं. त्याला मतं होती.

“चांगला हिटर कोण? मारणारा नाही. सोडणारा,” तो म्हणायचा. “बॉल वाईट असला की बॅट खांद्यावरून हलवायची नाही. दहा वेळा मोह होतो. जो दहाही वेळा गप्प उभा राहतो, तो हिटर.”

“तुमच्या त्या खेळात माणूस दहातनं सातदा आउट होतो आणि त्याला तुम्ही सुपरस्टार म्हणता.”

“मग? तुझे प्रोजेक्ट दहातले किती वेळेवर होतात?”

ड्राफ्टवर तर तो बोलायला लागला की फहाहीलचा उड्डाणपूल कधी गेला ते कळायचं नाही. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांची पोरं निवडतात, करोडो रुपये ओततात, आणि त्यातली निम्मी वाया जातात, याचा त्याला वैयक्तिक संताप होता. “दंड बघतात मूर्ख! पिचरची ताकद मांडीत असते. बैल बाजारात नेला तरी माणूस त्याचे पाय बघतो.” अर्दियाच्या मैदानावर दहा मिनिटं बसून तो सांगायचा, हा पोरगा टिकेल, हा पुढच्या वर्षी कंटाळेल, हा जाडा लेबनानी उद्या उत्तम कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, होईल. आणि वैताग म्हणजे ते खरं व्हायचं.

पण त्याचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे पिचरचं कोपर. “माणसाचा हात असा डोक्यावरून फेकायला केलेलाच नाही,” तो तळमळून बोलायचा. “आणि हे कोच इनिंग मोजतात. अरे, इनिंग मोजून काय होतंय? एकेका इनिंगमध्ये चाळीस बॉल टाकून घेतात. बॉल मोजा! पोराचं हाड अजून कच्चं असतं.” त्याने मुबारकियाच्या बाजारातून एक मिस्बाह घेतली होती. इथले लोक बोटांत फिरवत बसतात ती तेहतीस मण्यांची माळ. मॅचच्या वेळी एका बॉलला एक मणी. दोन फेऱ्या झाल्या की त्याचा पिचर खाली, मग मॅच हरली तरी बेहत्तर. नाशिककडचा देशस्थ हातात मिस्बाह घेऊन बसलेला बघून मी म्हणायचो, “श्यामलावहिनींना सांगायला हवं, तू आता लवकरच हजला निघणार.”

त्या हिवाळ्यात मात्र चेष्टा करण्यासारखं काही राहिलं नाही.

सलील लाल टीमसाठी असा खेळायला लागला, की दर शुक्रवारी मैदानाच्या कडेला गर्दी व्हायची. टेक्सास नियमाबाहेर कधी गेला नाही. आठवड्याला जेवढ्या इनिंग चालतात, तेवढ्याच. पण त्याने पोराला वळणारा बॉल शिकवला, जो त्या वयात शिकवू नये असं जयप्रकाश जगाला ओरडून सांगायचा. आणि शनिवार ते बुधवार सराव. जयप्रकाश आपल्या टीमची मॅच झाली तरी बसून राहायचा. मिस्बाह त्याच्या बोटांत फिरत असायची. दोन फेऱ्या व्हायच्या, मग तिसरी सुरू व्हायची, आणि तो खाली मान घालायचा.

“जाऊन बोल ना त्याच्याशी,” मी म्हणायचो.

“मी? मी समोरच्या टीमचा मॅनेजर. त्याचा सगळ्यात चांगला पिचर कमी वापर म्हणून मी सांगू? काय दिसेल ते?”

“तू त्याचा बाप आहेस.”

“तेच तर! बाप असूनही सोडला, आणि आता टीम वर आली तर बापपण आठवलं?”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तोंडावर म्हणालो मी हे त्याला. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

एक दिवस श्यामलावहिनी माझ्या बायकोला, मुक्ताला, म्हणाल्या, “अगं, सलील हल्ली नळ डाव्या हाताने उघडतो. केस पण डाव्या हाताने विंचरतो. विचारलं तर म्हणे सवय करतोय.” मुक्ताने मला सांगितलं, मी जयप्रकाशला. त्या संध्याकाळी तो सलीलच्या खोलीत गेला.

“हात दुखतो का?”

“नो.”

“खरं सांग.”

“नाही दुखत, बाबा.” आणि मग, पुस्तकातून डोकं वर न काढता, “फायनल आपल्या दोघांच्यात होणार. यू नो दॅट, राइट?”

जयप्रकाश बाहेर येऊन मला हे सांगताना हसत होता. पोरगा जिगरीचा आहे म्हणाला. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली.

फायनल झाली मार्चमध्ये. दुपारी वारा होता, मैदानावरची धूळ सरळ डोळ्यांत येत होती. मी आमच्या निळ्या टीमच्या बाकावर स्कोअर लिहीत होतो. समोर पिचरच्या उंचवट्यावर सलील. प्रत्येक मुलाला आउट केल्यावर तो एकदा आमच्या बाकाकडे बघायचा. टेक्सासकडे नाही, आईकडे नाही. आमच्या बाकाकडे. अशरफला त्याने दोनदा बाद केलं, आणि दोन्ही वेळा जरा जास्त वेळ बघितलं. सगळ्या मैदानाला दिसत होतं की तो पोरगा कुणासाठी टाकतोय. जयप्रकाशला वाटत होतं तो आपल्याविरुद्ध टाकतोय.

दोन फेऱ्या झाल्या. तीन झाल्या. चौथीचे मणी सुरू झाले तेव्हा सलील बॉल टाकल्यावर हात झटकायला लागला.

“ऊठ,” मी म्हणालो. “जयप्रकाश, ऊठ आता. मॅच गेली खड्ड्यात.”

तो उठला. दोन पावलं पुढे गेला. आमची पोरं एक रनने मागे होती आणि शेवटची इनिंग होती. लाल टीमच्या आईबापांनी त्याच्याकडे पाहिलं. कुणीतरी ओरडलं, “सिट डाउन, जेपी!” लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते. पण तो थांबला, आणि परत येऊन बसला.

त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या बॉलला काडकन आवाज झाला. बॅटचा असेल असं वाटलं, पण बॅट हललीच नव्हती. बॉल मधेच जमिनीवर पडून घरंगळत गेला. सलील गुडघ्यावर बसला होता आणि त्याने उजवं कोपर डाव्या हातात, दुसऱ्या कुणाची वस्तू धरावी तसं, धरलं होतं. तो रडला नाही. जयप्रकाश मैदान ओलांडून पळत सुटला, त्याच्या हातातली माळ तुटून मणी धुळीत सांडले. आता त्याला कुणी बस म्हणालं नाही.

वाढत्या हाडाचा तुकडा स्नायूने ओढून काढला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, स्क्रू घातला, आणि सांगितलं की हात वापरता येईल, पण पूर्ण सरळ होणार नाही. टेक्सास फळांची करंडी घेऊन घरी आला आणि सोफ्यावर बसून मोठ्याने रडला. श्यामलावहिनींनीच त्याला पाणी दिलं. जयप्रकाश त्याला म्हणाला, “नॉट युवर फॉल्ट.” तेवढंच. नंतर त्याने टीम सोडली. गाडीत रेडिओ लावणं सोडलं. मी एकदा मुद्दाम डिवचलं, “बेसबॉलपेक्षा आपला विटीदांडू काय वाईट होता?” त्याने नुसती मान हलवली. सकाळी मीना अब्दुल्लापर्यंत एकही मत ऐकू यायचं नाही. मी कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं, पण मला ती बडबड हवी होती. फार हवी होती.

सलील मोठा झाला, बारावी झाला, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. सहा महिन्यांच्या आत कुवेतला फेरी मारावी लागायची, नाहीतर अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द. तो यायचा, आईच्या हातचं खायचा, वडिलांशी परीक्षा आणि विमानाच्या वेळा बोलायचा. भांडण नाही, काही नाही. दोघंही एकमेकांशी इतकं नीट वागायचे की बघणाऱ्याला गुदमरायला व्हावं. घरात बेसबॉलचा शब्द निघत नसे. जयप्रकाशची पक्की समजूत होती की पोराने हाताबद्दल माफ केलेलं नाही.

२००५ मध्ये तो आला ती शेवटची फेरी होती. पुढच्या वाढदिवसाला एकवीस पूर्ण, आणि इथला कायदा असा की एकवीस झाले की मुलाचं नाव बापाच्या अकाम्यावरून जातं. परतीचं विमान दुपारचं होतं. श्यामलावहिनी एअरपोर्टवर येत नसत, त्या दारातूनच रडून घ्यायच्या. जयप्रकाशला मोतीबिंदूमुळे गाडी चालवायला मना होती, म्हणून मी निघालो. जयप्रकाश पुढे, सलील मागे.

अर्धा रस्ता झाला आणि जयप्रकाश समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, “सलील, त्या फायनलला मी उठायला पाहिजे होतं.”

सलील मागच्या सीटवर पुढे सरकून बसला.

“उठलो होतो मी. परत बसलो. तुझा हात माझ्यामुळे गेला. इतकी वर्षं बोलायचं होतं, जमलं नाही.”

“बाबा, हाताचं काय घेऊन बसलात?” सलील खरंच गोंधळला होता. “मला हाताचं काहीच नाही. ऑनेस्टली. लिहिता येतं, बाइक चालवता येते. इट्स फाइन.”

“मग तू... मग कधी बोलला का नाहीस?”

मी उगीचच आरसा नीट केला.

“यू हॅड द फर्स्ट पिक, बाबा,” सलील म्हणाला. “अँड यू टुक अशरफ.”

जयप्रकाश सीटमध्ये वळला.

“मला राग नव्हता आला हं,” सलील घाईने म्हणाला. “मला वाटलं, बाबांना कळतं. तुम्ही कुणाच्या बाबतीत चुकायचा नाहीत. तो जाडा कॅचर होईल म्हणालात, झाला. मग तुम्ही मला घेतलं नाही, म्हणजे मी तेवढा चांगला नसणारच. टेक्सास वगैरे सगळे उगीच म्हणत होते. म्हटलं, फायनलला दाखवू. तेही नाही जमलं. मग सोडून दिलं मी. ओके होतं ते.”

“अरे, नाही रे!” जयप्रकाशचा आवाज फाटला. “तू पहिला होतास. तुझ्या जवळपास कोणी नव्हतं. अशरफ काय, कोणीच नव्हतं! इतका चांगला होतास म्हणूनच तर मला तुझं नाव घेता येईना. लोक म्हणाले असते... विचार, या जयदीपला विचार!”

“खरं आहे, सलील,” मी म्हणालो. “अगदी खरं आहे ते.”

आरशात मला त्याचा चेहरा दिसला. घरातलं मोठं माणूस आपली समजूत घालायला काहीतरी बोलतं, तेव्हा आपण हसतो तसा तो हसत होता, मायेने. त्याने पुढे वाकून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

“थँक यू, बाबा. पण सगळेच बाबा असं म्हणतात.”

ज्या माणसाने ओहायोपासून टेक्सासपर्यंतच्या पोरांची भविष्यं मला वर्षानुवर्षं ऐकवली, त्याच्याकडे स्वतःच्या पोराला पटेल असं एक वाक्य उरलं नव्हतं. वेळेवर म्हटलेला एक शब्द पुरला असता. आता तोच शब्द खोटा वाटत होता.

एअरपोर्टवर सलीलने मला नमस्कार केला, वडिलांना केला. जयप्रकाशने त्याला धरून ठेवलं, जरा जास्तच वेळ. मग तो काचेच्या दरवाजातून आत गेला. आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. शेजारी एक हमाल रिकाम्या ट्रॉल्या एकात एक सारत होता.

“सुनो भाई,” जयप्रकाश त्याला म्हणाला.

हमाल थांबला. त्याला वाटलं, सामान आहे.

“वो सफेद शर्टवाला दिखता है? मेरा लड़का है. बचपन में बॉल फेंकता था. पूरे कुवैत में उसके जैसा कोई नहीं था. एक नंबर.” मग परत एकदा, मोठ्याने, आजूबाजूची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्याने, “एक नंबर था वो.”

हमालाने टाचा उंचावून आत पाहिलं. काचेपलीकडे बरीच माणसं होती, पण सलील आता त्यांत नव्हता.

“अच्छा, साब,” तो म्हणाला, आणि ट्रॉल्या ढकलत पुढे गेला.